घरातला कॉम्प्युटर हळू चालतोय? नवीन घेण्याआधी एवढे तपासून पाहा

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरात तीच धावपळ सुरू होते. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाच्या दाखल्याचा स्कॅन, फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवणे. आणि नेमका त्याच वेळी घरातला कॉम्प्युटर रुसून बसतो. बटण दाबल्यावर चहा उकळतो, पिऊन होतो, कपही धुऊन होतात, तरी स्क्रीनवर गोल फिरतच असते. मग मुलगा म्हणतो, "अब्बा, हा भंगारात द्या, नवीन लॅपटॉप घ्या." दुकानदाराला विचारले तर तो म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल."

आमच्या हरसूलसारख्या गावात हे प्रकरण शहरापेक्षा जड जाते. काही बिघडले की त्र्यंबक, नाहीतर सरळ नाशिक. कॅबिनेट गोणीत बांधून न्यायचे, सोडून यायचे, चार दिवसांनी परत आणायला जायचे. दोन फेऱ्यांचे भाडे, दोन दिवसांची रोजी. याहून मोठी गोष्ट मुलींची. घरातला कॉम्प्युटर नीट चालत असेल तर मुलगी रात्री जेवणानंतर घरीच बसून अर्ज भरते, टायपिंगचा सराव करते, एमएस-सीआयटीचा अभ्यास करते. तो बंद पडला की तिला कोणाला तरी सोबत घेऊन कॅफेवर जावे लागते. सोबत यायला कोणी मोकळे नसते, आणि काम राहूनच जाते. शाळेत शिकवताना हे दरवर्षी दिसते, म्हणून हा विषय जरा सविस्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट ही, की हळू झालेला कॉम्प्युटर बहुतेक वेळा म्हातारा झालेला नसतो, तो एका जागी अडकलेला असतो. ती जागा सापडली की थोडक्या खर्चात, कधी कधी काहीच खर्च न करता, तो आणखी काही वर्षे काम देतो.

दोष कोणाचा, ते आधी ओळखा

सगळ्यात आधी इंटरनेट आणि कॉम्प्युटर यांना वेगळे करा. आपल्याकडे बऱ्याच घरांत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालते. पावसात नेटवर्क गेले की वेबसाइट उघडत नाही आणि शिव्या कॉम्प्युटरला बसतात. नेट बंद करून वर्ड किंवा नोटपॅड उघडून पाहा, एखादा फोटो उघडा. हे झटकन उघडत असेल तर कॉम्प्युटर ठीक आहे, दुखणे नेटवर्कचे आहे. अर्जाच्या शेवटच्या तारखेला संध्याकाळी पोर्टलच लटकत असेल तर नवा लाखाचा लॅपटॉप आणूनही ते हलणार नाही.

वर्ड उघडायलाही वेळ लागत असेल तर मग आत डोकवा. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. ती छोटी असेल तर खाली 'मोअर डिटेल्स' वर क्लिक करा. वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने आणि त्यांचे टक्के दिसतील. कॉम्प्युटर चालू करून पाच-सात मिनिटे हे आकडे नुसते बघत बसा. डॉक्टर नाडी बघतात तसेच हे आहे.

या तिघांचे काम समजायला आपले स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर, म्हणजे सीपीयू, हा स्वयंपाक करणारा माणूस. रॅम, म्हणजे मेमरी, हा ओटा. हाताशी लागणारे सगळे त्यावर मांडलेले असते. आणि हार्ड डिस्क ही मागच्या खोलीतली कोठी, तिथे सगळे सामान साठवलेले. ओटा लहान असेल तर अम्मीला एक डबा ठेवून दुसरा आणायला सारखे कोठीत जावे लागते. स्वयंपाक करणारी कितीही चपळ असली तरी जेवण उशिराच होणार. कॉम्प्युटरमध्येही रॅम भरली की विंडोज काही सामान तात्पुरते हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. म्हणून रॅम कमी असली की डिस्कही दमते.

आता आकडे वाचा. डिस्कचा रकाना सारखा शंभर टक्क्यांच्या आसपास चिकटून बसला असेल तर कोठीच हळू आहे. जुन्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा हेच निघते. मेमरी ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असेल तर ओटा लहान आहे. सीपीयू एकटाच वर चढलेला असेल तर कोणता प्रोग्रॅम त्याला पळवतो आहे ते खालच्या यादीत दिसेल.

जुन्या हार्ड डिस्कची गोष्ट

२०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा मोबाइलवर आल्या तेव्हा अनेक घरांनी जुने कॉम्प्युटर घेतले. कंपन्यांनी काढून टाकलेले, पुसून-पासून विकलेले, आय थ्री किंवा आय फाइव्ह प्रोसेसरचे. त्यांच्यावर आज नाक मुरडणारे आहेत, पण अर्ज भरणे, टायपिंग, व्हिडिओ बघणे, एक्सेलमध्ये हिशेब एवढ्या कामाला ते प्रोसेसर आजही पुरतात. मागे पडली आहे ती त्यांची हार्ड डिस्क.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच चकत्या असतात आणि त्या फिरतात. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. त्यावर एक बारीक दांडी पुढे-मागे सरकून माहिती वाचते, जुन्या ग्रामोफोनसारखी. ७२०० फेरे ऐकायला खूप वाटतात. पण हिशेब करा, सेकंदाला १२० फेरे झाले. हवी असलेली जागा दांडीखाली येईपर्यंत वाट बघायची, शिवाय दांडी सरकायचा वेळ वेगळा. त्यामुळे अशी डिस्क एका सेकंदात वेगवेगळ्या जागची शंभर-सव्वाशे तुकडे माहिती कशीबशी वाचते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या जागांवरून उचलत असते. म्हणून ते गोल फिरत राहते.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. ती चिपवर चालते, पेन ड्राइव्हची खूप वेगवान बहीण समजा. तीच छोटी तुकडे-माहिती ती सेकंदाला हजारोंच्या संख्येने वाचते. म्हणून जुन्या कॉम्प्युटरमध्ये फक्त हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की घरच्यांना वाटते नवीनच आणला. खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने अगदी थोडा. माझे स्पष्ट मत आहे, की हातात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर ते एसएसडीवर घाला.

तुमच्याकडे एसएसडी आधीच आहे का, हेही टास्क मॅनेजरच सांगतो. 'परफॉर्मन्स' या टॅबवर जा, डिस्कवर क्लिक करा. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत तिथेच एचडीडी किंवा एसएसडी असे लिहिलेले असते. त्याच टॅबमध्ये मेमरीवर क्लिक केले तर किती जीबी रॅम आहे आणि किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसते. दोनपैकी एकच भरलेला असेल तर जुनी रॅम न काढता शेजारी दुसरी बसवता येते.

आधी फुकटात होणारी कामे

दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ या कामांना द्या.

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' नावाचा टॅब आहे. कॉम्प्युटर चालू होताच आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमची ती यादी. बरेचसे आपण कधी बोलावलेलेच नसतात. प्रिंटरचा मदतनीस, व्हिडिओ कॉलचे ॲप, गाण्यांचे ॲप, कुठल्या तरी गेमचा अपडेटर. नको असलेल्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. यात प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. अँटिव्हायरस आणि साउंड, टचपॅड अशी नावे असलेल्यांना हात लावू नका.

मग सी ड्राइव्ह किती भरला आहे ते बघा. तो लाल झाला असेल तर विंडोजला हलायलाही जागा नाही. निकाहचे व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरून उतरलेले शेकडो फोटो आणि एकच पीडीएफ सात वेळा, असे सगळे डाउनलोड आणि डेस्कटॉपवर साठते, आणि ही दोन्ही ठिकाणे सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात. डी ड्राइव्हला किंवा बाहेरच्या डिस्कवर हलवा. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम', मग 'स्टोरेज' येथे टेम्पररी फाइली साफ करायची सोय आहे. तिथे टिक मारताना 'डाउनलोड्स' वर टिक आहे का ते बघून घ्या, नाहीतर ठेवायच्या फाइलीही जातील.

ब्राउझर हा घरातला सगळ्यात खादाड पाहुणा. प्रत्येक उघडा टॅब रॅम खातो. चार जीबी रॅमवर पंधरा टॅब उघडे ठेवून कॉम्प्युटरला दोष देणे म्हणजे सायकलवर पाच जण बसून चाक कुरकुरते म्हणण्यासारखे आहे. क्रोममध्ये 'मेमरी सेव्हर' नावाची सेटिंग आहे, ती चालू ठेवा. नको ती एक्स्टेन्शन काढून टाका. आणि कोपऱ्यात सारख्या जाहिराती, "व्हायरस सापडला" अशा सूचना येत असतील तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतो. कधीतरी एखाद्या साइटने विचारले आणि कोणीतरी 'अलाऊ' दाबले. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडा आणि त्या अनोळखी साइट काढून टाका.

रात्री शटडाउन करून सकाळी चालू केला तरी कॉम्प्युटर पूर्ण ताजा होतो असे नाही. विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बहुधा चालू असते. तिच्यामुळे शटडाउनच्या वेळी सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत येतो, कालचा गोंधळ घेऊन. 'रीस्टार्ट' मध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून कॉम्प्युटर अडखळू लागला की शटडाउन नाही, रीस्टार्ट करा.

आता ज्या गोष्टींनी काहीच होत नाही त्यांचेही सांगतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'रीफ्रेश, रीफ्रेश' करायची सवय आपल्याकडे लहानथोरांना आहे. त्याने चित्रे पुन्हा मांडली जातात, वेग तसूभर वाढत नाही. 'प्रीफेच' फोल्डर रिकामे करा असे सांगणारे व्हिडिओही पुष्कळ आहेत. ते फोल्डर विंडोजने वेग वाढवण्यासाठीच ठेवलेले असते, ते पुसले की पुढच्या वेळी उलट जास्त वेळ लागतो. आणि 'पीसी बूस्टर', 'क्लीनर' नावाची फुकट ॲप तर घेऊच नका. स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात.

'फॉरमॅट' म्हणण्याआधी

फॉरमॅट वाईट नाही. कधी कधी तोच उपाय असतो. पण दुकानात "फॉरमॅट मारून ठेवा" एवढेच सांगून आले की सी ड्राइव्हवरचे सगळे जाते, डेस्कटॉपवरचे आणि डॉक्युमेंट्समधलेही. आमच्या ओळखीच्या एका घरात असेच गेले. मरहूम वडिलांचे फोटो आणि जमिनीच्या कागदांचे स्कॅन. सातबारा पुन्हा काढता येतो. फोटो कुठून आणणार?

म्हणून काहीही करण्याआधी कॉपी. घरातले महत्त्वाचे कागद, फोटो, मुलांचे प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. निकालपत्रे आणि दाखले डिजिलॉकरवर मिळतात ते तिथेही ठेवा. हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, किंवा फाइल कॉपी होताना मध्येच अडकत असेल, तर डिस्क निरोप घेते आहे. तेव्हा वेग वाढवायच्या मागे लागू नका, त्याच दिवशी कॉपी काढा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे एक फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत 'गुड', 'कॉशन', 'बॅड' अशा शब्दांत सांगते.

एसएसडी बसवायला गेलात तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. जुन्या डिस्कचे क्लोन करून देणार का, म्हणजे सगळे आहे तसे नव्या डिस्कवर येईल. जुनी हार्ड डिस्क परत देणार का? ती तुमची आहे, तुमची माहिती तिच्यात आहे, आणि एका साध्या केसिंगमध्ये घातली की बॅकअपसाठी बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते. तिसरे, विंडोज कुठली टाकणार? तुमच्या कॉम्प्युटरवर अस्सल विंडोज १० किंवा ११ ॲक्टिव्हेट झालेली असेल तर तिचे डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेले असते. डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाकून नेट जोडले की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते, वेगळे पैसे द्यायचे कारण नाही.

रॅम घेताना बोर्डाला चालणारीच घ्या. डीडीआर थ्री आणि डीडीआर फोर एकमेकांच्या जागी बसत नाहीत, लॅपटॉपची रॅम आकाराने लहान असते. आणखी एक गफलत जुन्या मशीनवर दिसते. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम', मग 'अबाउट' येथे 'सिस्टीम टाइप' वाचा. तिथे ३२ बिट लिहिले असेल तर विंडोज चार जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही. आठ जीबी बसवून पैसे वाया जातील. आधी ६४ बिट विंडोज टाकावी लागेल.

धूळ, पाऊस आणि वीज

ही गोष्ट शहरातले लेख सांगत नाहीत. आमच्याकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. चार महिने भिंतींना ओल, आणि उन्हाळ्यात त्याच घरात लाल धूळ. ही धूळ प्रोसेसरवरच्या पंख्यात आणि जाळीत बसून नमद्यासारखा थर होतो. उष्णता बाहेर पडत नाही. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. चालू केल्यावर अर्धा तास ठीक आणि मग मंद, पंख्याचा आवाज मोठा, असे होत असेल तर हेच समजा. वायर काढून, कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने आणि हवेच्या ब्लोअरने साफ करा. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. ओल्या फडक्याला तिथे काम नाही. बरीच वर्षे झालेल्या मशीनला प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलावी लागते, ते दुकानातच करून घ्या.

विजेचे दुखणे वेगळे. चालत्या कॉम्प्युटरची लाइट अचानक गेली की डिस्कवर लिहिणे अर्धवट राहते. असे वारंवार झाले की फाइली खराब होतात, विंडोज सुरू होताना दुरुस्ती करत बसते. कित्येक घरांत यूपीएस टेबलाखाली आहे पण त्याची बॅटरी केव्हाच मेलेली आहे. नवा यूपीएस नको, बॅटरी बदला. विजा कडाडत असतील तर प्लगच काढून ठेवा, नुसते बटण बंद करून भागत नाही.

चोरीची सॉफ्टवेअर आणि 'मदतीचे' फोन

आपल्याकडे उर्दू टायपिंगसाठी इनपेजची कॉपी पेन ड्राइव्हवरून घरोघरी फिरते. शादीचे कार्ड, मदरशाची पावती, मुशायऱ्याचे पत्रक, सगळे त्यावर. अशा क्रॅक कॉपीबरोबर काय आत येते ते सांगता येत नाही, आणि ती चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळे आले. साध्या कामासाठी विंडोजमध्येच उर्दूचा आणि मराठीचा कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमधून जोडता येतो. नस्तालीक फॉन्टही फुकट मिळतात. युनिकोडमध्ये टाइप केलेले व्हॉट्सॲपवरही तसेच्या तसे जाते. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे. त्याच्यावर आणखी दोन अँटिव्हायरस चढवले तर कॉम्प्युटर हळूच होणार.

स्क्रीनवर फोन नंबर झळकून "कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा" असे आले तर फोन करू नका. सांगेल ते ॲप टाकून समोरच्याला आपली स्क्रीन देऊ नका. अशात पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

विंडोज १० चे काय करायचे?

हा प्रश्न आता सगळीकडून येतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट थांबतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे लॉकडाउनमधली बरीच मशीन त्यात बसत नाहीत. लगेच भंगारात घालायचे कारण मात्र नाही. घरगुती वापरासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्यासाठी पैसे लागत नाहीत. सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट' उघडा, तिथेच नाव नोंदवायची लिंक दिसते.

त्यानंतरचा रस्ता लिनक्सचा. नाव ऐकून घाबरू नका. केरळच्या सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच शिकतात. लिनक्स मिंट पूर्ण फुकट आहे. तिची एक्सएफसीई आवृत्ती चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर बरी चालते, आणि ब्राउझर तोच असल्याने बहुतेक अर्ज तसेच भरता येतात. पेन ड्राइव्हवर टाकून, डिस्कवर काहीही न बदलता आधी चालवून बघता येते. त्या वेळी तीन गोष्टी तपासा. वायफाय लागते का, घरातला प्रिंटर छापतो का, आणि मुलांच्या क्लासचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालणारे तर नाही ना. एमएस ऑफिस त्यावर बसत नाही. त्याऐवजी लिबरऑफिस असते, आणि वर्डच्या साध्या फाइली त्यात उघडतात.